बाप मंत्रिमंडळात, मुलगा डोंगरात : आयर्लंडमधलं मॅकनील घर

भिजकी_छत्री

स्लायगोला येऊन चार वर्षं झाली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेन्बुल्बेनचा डोंगर दिसतो. म्हणजे ढग उठले तर दिसतो. माथा पोळपाटासारखा सपाट, अंगावर उभ्या सुरकुत्या. पहिल्यांदा पाहिला तेव्हा नवऱ्याला म्हटलं, अरे हा तर आपल्या घाटातला कडा! फक्त काळ्या पाषाणाऐवजी चुनखडी, आणि वर गवतात मेंढ्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या आजोबांना त्या डोंगरावरच्या क्रॉसबद्दल सहज विचारलं. हे आजोबा हवामानावर अर्धा तास बोलू शकतात. पण क्रॉसचं नाव काढल्यावर त्यांनी चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली आणि म्हणाले, "ते आमच्या घरात बोलत नसत." मग मी शोधायला बसले. जे सापडलं ते माझ्याच्याने एकटीने पचत नाहीये, म्हणून हा धागा.

२० सप्टेंबर १९२२. यादवी युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. सरकारी फौजेने स्लायगोच्या उत्तरेचा भाग विंचरून काढला. बंडखोरांची, म्हणजे इंग्रजांशी झालेला करार न मानणाऱ्यांची, एक तुकडी डोंगरात शिरली. त्यातले सहा जण मारले गेले. चौघांचे मृतदेह लगेच हाती लागले, दोघांचे काही दिवसांनी सापडले. चकमकीत मेले असं सरकारने सांगितलं. स्लायगोत तेव्हापासून आजपर्यंत लोक सांगतात की शस्त्रं खाली ठेवल्यावर त्यांना गोळ्या घातल्या. त्या सहांतला एक, शेमस डेव्हिन्स, चक्क निवडून आलेला खासदार होता.

आणि एक होता ब्रायन मॅकनील, विशीतला पोरगा. त्याचे वडील ओवेन मॅकनील त्या वेळी डब्लिनमध्ये, ज्या सरकारच्या फौजेने त्याला मारलं त्याच सरकारात, शिक्षणमंत्री होते. खुर्चीवर बसून महिनासुद्धा झाला नव्हता. ब्रायनचे दोन भाऊ, नायल आणि टर्लो, त्याच सरकारी फौजेत होते.

आता मुलगा गेल्यानंतरचं ऐका. आठवड्याभरात, सप्टेंबरच्या अखेरीस, त्याच सरकारने लष्करी न्यायालयांना मृत्युदंडाचे अधिकार देणारा ठराव संसदेत मंजूर करून घेतला. १७ नोव्हेंबरला पहिल्या फाशा (खरं तर गोळ्या) झाल्या. युद्ध संपेपर्यंत अधिकृत आकडा ७७ वर गेला. एवढ्या काळात ओवेन मॅकनील मंत्रिमंडळातून उठले नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते: उठायला हवं होतं. तुमचं सांगा.

---

निवांत

छान लिहिलंय. एक प्राथमिक शंका. हे युद्ध फाळणीवरूनच झालं ना? उत्तरेकडचे सहा परगणे इंग्रजांकडे राहिले म्हणून?

---

भिजकी_छत्री

@निवांत, मलाही तसंच वाटायचं. नाही. फाळणीचा कायदा १९२० चाच होता, उत्तरेची वेगळी विधानसभा १९२१ मध्ये सुरूही झाली होती. ६ डिसेंबर १९२१ ला लंडनमध्ये करार झाला. त्यावर डब्लिनच्या संसदेत जो वाद झाला तो बहुतेक सगळा एका शपथेवरून. कॅनडासारखा स्वायत्त देश मिळाला, पण खासदाराने आधी देशाच्या राज्यघटनेशी आणि मग इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. ज्यांनी १९१९ मध्ये प्रजासत्ताकाची शपथ घेतली होती त्यांचं म्हणणं, एका तोंडाने दोन शपथा कशा घ्यायच्या? ७ जानेवारी १९२२ ला मतदान झालं, ६४ विरुद्ध ५७. ओवेन मॅकनील सभापती होते, म्हणून त्या ६४ मध्ये त्यांचं मत नाही. पण ते कराराच्या बाजूचे, हे सगळ्यांना माहीत होतं.

फाळणीचा बंदोबस्त एक सीमा आयोग करणार, असं करारातच लिहिलं होतं. दोन्ही बाजूंची त्यावर भिस्त होती. त्या आयोगाचं पुढे काय झालं ते जरा राखून ठेवते, कारण त्यातही हेच गृहस्थ आहेत.

---

शंकासूर

ओवेन मॅकनील म्हणजे १९१६ चा उठाव रद्द करणारा तोच ना? मग मला काही नवल वाटत नाही. हा माणूस आयुष्यभर कागद आणि बंदूक यांच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुळात हा पंडित. प्राचीन आयर्लंडचा इतिहास हा याचा विषय. १८९३ मध्ये गेलिक भाषेसाठी लीग काढली त्यात हा पुढे. १९१३ मध्ये एक लेख लिहिला, की उत्तरेतले लोक हत्यारबंद होतायत तर आपण का नाही. त्यातून आयरिश स्वयंसेवक दल उभं राहिलं आणि प्राध्यापकसाहेब झाले सरसेनापती! आता गंमत अशी की त्यांच्याच दलातल्या गुप्त मंडळाने त्यांना अंधारात ठेवून ईस्टर रविवारचा उठाव ठरवला. यांना कळलं अगदी शेवटच्या दिवसांत. जर्मनीहून येणारी हत्यारं बुडाली हेही कळलं. मग यांनी फर्मान काढलं, रविवारच्या वर्तमानपत्रात छापून आणलं: उद्याचे सगळे हुकूम रद्द, कुठेही संचलन नाही. खेड्यापाड्यांतले स्वयंसेवक घरी बसले. डब्लिनवाले थोडक्या माणसांनिशी सोमवारी उठले आणि सहा दिवसांत चिरडले गेले.

तेव्हा "उठायला हवं होतं" वगैरे ठीक आहे, पण हा उठणाऱ्यातला माणूसच नव्हता. हा थांबा म्हणणारा माणूस.

---

भिजकी_छत्री

@शंकासूर, थांबा म्हणाला हे खरं. पण मेहुणा नवरदेवाआधी बोहल्यावर चढावा तशी त्याची अवस्था केली होती, हेही लक्षात घ्या. सरसेनापतीलाच माहीत नाही की लढाई कधी आहे. आणि इंग्रजांनी त्यालाही जन्मठेप दिलीच. डार्टमूरच्या तुरुंगात त्याला आणलं तेव्हा बाकीचे कैदी, ज्यांचा उठाव याने मोडला असं त्यांना वाटत होतं, रांगेत उभे होते. त्यांच्यातलाच एक पुढारी डी व्हॅलेरा रांगेतून पुढे आला आणि सगळ्यांना या माणसाला सलामी द्यायचा हुकूम सोडला. हाच डी व्हॅलेरा सहा वर्षांनी कराराच्या विरुद्ध बाजूला, आणि ब्रायन त्या बाजूने लढताना मेला.

मला राहून राहून वाटतं, घरात जेवणाच्या ताटावर या सलामीची गोष्ट कितीदा सांगितली गेली असेल. मुलाने ती ऐकूनच डी व्हॅलेराला थोर मानलं असेल का?

(माझी कल्पना आहे. पुरावा मागू नये.)

---

काळा_कातळ

अहो हे तर थेट कुरुक्षेत्र. एकीकडे बाप, एकीकडे पोर. धृतराष्ट्राला निदान दिसत तरी नव्हतं.

---

आजीचा_बटवा

@काळा_कातळ, दर धाग्यावर महाभारत आणायलाच हवं का हो? परवा बटाट्याच्या भाजीच्या धाग्यावर भीम आणलात. :)

मला वेगळंच विचारायचंय. यात आई कुठे आहे? बाप मंत्री, दोन मुलं एका फौजेत, एक दुसऱ्या. सणासुदीला पान कुणाचं कुठे मांडत असेल ती?

---

भिजकी_छत्री

@आजीचा_बटवा, त्यांचं नाव अ‍ॅग्नेस. घर मोठं, मुलं बरीच. तुम्ही विचारलंत तेच मलाही सारखं खुपतंय. जे वाचायला मिळतं ते सगळं पुरुषांच्या पदांबद्दल आहे.

पण बायका गप्प होत्या असं मात्र समजू नका. त्या संसदेत सहा बायका होत्या आणि सहाच्या सहा जणींनी कराराविरुद्ध मत दिलं. मार्गारेट पिअर्स, जिचे दोन्ही मुलगे १९१६ मध्ये गोळ्या घालून मारले होते. मेरी मॅकस्वीनी, जिचा भाऊ तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून गेला. कॅथलीन क्लार्क, जिचा नवरा आणि भाऊ दोघेही १९१६ ला गेले. कॉन्स्टन्स मार्केविच, जी लहानाची मोठी झाली ती लिसाडेलच्या हवेलीत, याच बेन्बुल्बेनच्या पायथ्याशी. स्त्रियांच्या संघटनेची परिषद फेब्रुवारी १९२२ मध्ये भरली तिथे ४१९ विरुद्ध ६३ मतांनी करार धुडकावला गेला.

ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांना तडजोड म्हणजे त्याच्या मरणाची घासाघीस वाटत होती. आता याच न्यायाने ओवेन मॅकनील यांचा मुलगा गेल्यावर ते कुठल्या बाजूला झुकायला हवे होते? उलटंच झालं.

---

मोडीवाचक

उशिरा आलो. अभिलेखागारात कामाला आहे, त्यामुळे मला या प्रकरणातली दुसरीच गोष्ट छळते.

यादवी सुरू झाली २८ जून १९२२ ला, डब्लिनच्या फोर कोर्ट्सवर तोफा डागून. आत करारविरोधी बसले होते. सरकारकडे तोफा नव्हत्या, त्या इंग्रजांकडून उसन्या आणल्या. त्या इमारतींच्या आवारातच देशाचं अभिलेखागार होतं. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि शेकडो वर्षांचे कागद जळाले. जनगणनेचे तक्ते, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या. कागदाचे जळके कपटे शहरभर तरंगत होते. एका बाजूच्या तोफा, दुसऱ्या बाजूने साठवलेली स्फोटकं. दोष कुणाचा यावर अजून भांडतात.

आणि ओवेन मॅकनील कोण? त्या देशातला प्राचीन इतिहासाचा सगळ्यात मोठा अभ्यासक. जूनमध्ये त्याचे कागद जळले, सप्टेंबरमध्ये मुलगा गेला. आमच्या खात्यात एकदा गळक्या छताखाली दोन पेट्या दप्तर भिजलं होतं तर साहेब आठवडाभर जेवले नव्हते. पुढे राजकारणातून बाहेर फेकला गेल्यावर १९२८ मध्ये आयरिश हस्तलिखितांसाठी आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद याच्याकडे आलं. उरलंसुरलं गोळा करत बसला. मला हा माणूस तिथे कळतो. मंत्रिमंडळात नाही कळत.

---

शंकासूर

@मोडीवाचक, सुंदर प्रतिसाद. पण मूळ मुद्द्यावर येऊ. मी मघाशी चेष्टेत लिहिलं, आता जरा गंभीरपणे.

८ डिसेंबर १९२२ घ्या. आदल्या दिवशी शॉन हेल्स या खासदाराचा डब्लिनमध्ये भररस्त्यात खून झाला. बदला म्हणून सरकारने चार कैद्यांना पहाटे गोळ्या घातल्या. हे चौघे उन्हाळ्यापासून तुरुंगात होते, त्या खुनाशी त्यांचा संबंध असणं शक्यच नव्हतं. खटला नाही, काही नाही. मंत्रिमंडळाने ठरवलं. त्यातला रोरी ओ'कॉनर हा गृहमंत्री केव्हिन ओ'हिगिन्सच्या लग्नात वर्षभरापूर्वीच त्याचा पाठराखा होता. आणि त्या मंत्रिमंडळात मॅकनील होते. म्हणजे अडीच महिन्यांपूर्वी आपला मुलगा बहुधा शरण आल्यावर मारला गेला हे ठाऊक असलेला बाप, दुसऱ्यांच्या चार मुलांबाबत हो म्हणतो.

आणि ज्याच्या खुनाचा हा सूड, त्या हेल्सचं घर बघा. शॉन सरकारी बाजूला. भाऊ टॉम हेल्स विरुद्ध बाजूला, इतका की २२ ऑगस्टला सरकारी फौजेचा सरसेनापती मायकल कॉलिन्स ज्या दबा धरून केलेल्या हल्ल्यात मेला तो हल्ला टॉमच्याच देखरेखीखाली रचला गेला. १९२० मध्ये इंग्रज सैन्याने पकडून टॉमचे हाल हाल केले होते, त्याच्यासोबतचा पॅट हार्ट त्यातून वेडा झाला. म्हणजे मॅकनील घर हे काही एकटं नाही. हे असंच चाललं होतं.

---

काळा_कातळ

आता तरी मान्य करा, महाभारत.

---

आजीचा_बटवा

काका, गप्प बसा. :)

@शंकासूर, मला उलट वाटतं. तो उठला असता तर काय झालं असतं? "माझा मुलगा मेला म्हणून सोडतो", म्हणजे बाकीच्यांची मुलं मरत होती तोवर चाललं? माझ्या सासऱ्यांचे एक मित्र फौजदार होते. त्यांचा पुतण्या आंदोलनात पकडला गेला तर त्यांनी मुद्दाम त्याची सुटका करवली नाही. घरात दोन वर्षं वहिनी बोलल्या नाहीत. ते बरोबर होते असं मी म्हणत नाही. पण त्यांना त्या दिवशी दुसरं काही करताच आलं नसतं, हे मला आता या वयात दिसतं.

---

भिजकी_छत्री

@आजीचा_बटवा, हा विचार मी केलाच नव्हता. खुर्ची सोडणं म्हणजे स्वतःच्या मुलाला इतरांपेक्षा वेगळं काढणं. हं. तरीही ८ डिसेंबर माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्या डोंगरातली एक गोष्ट लिहायची राहिली. बंडखोरांकडे एक चिलखती गाडी होती, सरकारी फौजेकडूनच जुलैमध्ये डूनी रॉकपाशी हल्ला करून हिसकावलेली. गाडीचं नाव "बॅलिनाली". आता बॅलिनाली हे गाव शॉन मॅकओइनचं, जो आधी इंग्रजांशी लढलेला लोहार आणि आता या भागातला सरकारी सेनापती. म्हणजे त्याच्या गावाच्या नावाची गाडी त्याच्यावरच फिरवत होते! सप्टेंबरच्या त्या मोहिमेत ही गाडी सोडून द्यावी लागली आणि माणसं पायी डोंगरात शिरली. मागे गाडी असती तर कदाचित... असो.

गेल्या रविवारी आम्ही गॉर्टरोवीच्या वाटेने पायथ्याला फेरी मारली. जंगलातून वाट जाते, मग एकदम उघडं होतं आणि कडा अंगावर येतो. वारा असा की मुलीची टोपी उडाली ती सापडलीच नाही. खाली दलदल. पाऊल टाकलं की बूट ओढला जातो आणि सोडताना चप्प आवाज येतो. वरून कुणी बंदूक रोखली असेल तर पळणार कुठे, झाड नाही, झुडूप नाही. इतका वेळ पुस्तकी वाटत होतं ते तिथे उभं राहिल्यावर पोटात उतरलं.

---

निवांत

तो सीमा आयोग राहिला, ताई.

---

भिजकी_छत्री

हो की. आयोगावर फ्री स्टेटचा (करारातून झालेल्या नव्या देशाचा) प्रतिनिधी म्हणून ओवेन मॅकनील यांनाच पाठवलं. सरकारला वाटत होतं की उत्तरेतले कॅथलिक बहुसंख्येचे मोठे पट्टे आपल्याकडे येतील. नोव्हेंबर १९२५ मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्रात नकाशा फुटला. येणार होतं थोडंसंच, आणि वर आपल्याकडचा पूर्व डोनेगॉलचा तुकडा जाणार होता. डब्लिनमध्ये आगडोंब. मॅकनील यांनी आयोगही सोडला, मंत्रिपदही सोडलं. अहवाल दडपला गेला, सीमा होती तिथेच राहिली.

म्हणजे मुलगा मेला तेव्हा न सोडलेली खुर्ची नकाशापायी सोडली. १९२७ ला निवडणूकही हरले.

---

तळकोकणी

इतका वेळ नुसता वाचत होतो. आता आमच्या गावची गोष्ट आली म्हणून लिहितो.

त्या ६४ आणि ५७ मधून जे दोन पक्ष निघाले ते म्हणजे आजचे फिने गेल आणि फियाना फॉल. धोरणात पाहायला गेलं तर दोघांत फारसा फरक नाही. तुझा आजोबा कुठल्या बाजूला होता, एवढाच काय तो फरक. शंभर वर्षांत दोघांनी कधी एकत्र मंत्रिमंडळ बनवलं नाही. जून २०२० मध्ये बनवलं. तेव्हा फिने गेलचा नेता कोण? लिओ वराडकर. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराडचे. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ पंतप्रधान असताना वराडला येऊन गेला, तेव्हा आमच्याकडे निम्मा तालुका लोटला होता.

ज्याच्या वडिलांच्या घरातल्या कुणीच त्या यादवीत गोळी झाडली नाही, अशा माणसाने ही दिलजमाई करावी यात मला काही योगायोग वाटत नाही. त्याच्या आजोबांनी, म्हणजे वराडच्या आजोबांनी, कुणाला मत दिलं हे डब्लिनमध्ये विचारणार कोण? ऑगस्ट २०२२ मध्ये कॉलिन्स मेला त्या बेल ना ब्लाला शताब्दीचा कार्यक्रम झाला, तिथे दोन्ही पक्षांचे नेते, मीहॉल मार्टिन आणि हा, एकाच व्यासपीठावरून बोलले.

---

शंकासूर

@तळकोकणी, आई आयरिश आहे त्याची, विसरू नका. पण मुद्दा पटला.

---

मोडीवाचक

मराठी धागा निघालाच आहे तर आणखी एक टाकतो, मघाशी लिहायचा राहिला.

ओवेनचा धाकटा भाऊ जेम्स. हा मॅकनील आयसीएस झाला आणि नोकरी केली कुठे, तर आपल्या मुंबई इलाख्यात. १९१२ मध्ये गोखल्यांनी गिरमिट्यांची (करारावर परदेशी नेलेल्या मजुरांची) पद्धत बंद करा म्हणून कलकत्त्याच्या कायदेमंडळात ठराव आणला, तो पडला. पण त्यानंतर सरकारने दोन माणसं चौकशीला पाठवली, खुर्जाचे चिमनलाल आणि हा जेम्स. त्रिनिदाद, गयाना, जमैका, सुरिनाम, फिजी फिरून आले. अहवालाचा सूर एकंदरीत पद्धतीच्या बाजूने, त्यामुळे इकडे त्याच्यावर टीकाही झाली.

नोकरी सोडून आयर्लंडला गेला. १९२२ मध्ये नव्या देशाची घटना लिहिणाऱ्या समितीत होता. १९२८ मध्ये गव्हर्नर जनरल झाला, म्हणजे ज्या राजाच्या शपथेवरून पुतण्या मेला, त्याच राजाचा डब्लिनमधला प्रतिनिधी! १९३२ मध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आला आणि त्याच्या मंत्र्यांनी याच्यावर उघड बहिष्कार टाकला. फ्रेंच वकिलातीतल्या समारंभात हा आत येताच दोन मंत्री उठून निघून गेले. शेवटी त्याला घालवलंच.

---

भिजकी_छत्री

@मोडीवाचक, काका, हे मला अजिबात माहीत नव्हतं! जेम्सची मुंबई इलाख्यातली कागदपत्रं तुमच्याकडे सापडतील का? त्याचं हस्ताक्षर पाहायला आवडेल. शेजारच्या आजोबांना दाखवेन. परवा पुन्हा गेले होते तेव्हा त्यांनी स्वतःहून एवढंच सांगितलं की त्यांच्या आजोबांना लष्करी पेन्शन १९२४ च्या कायद्याने मिळाली आणि आजोबांच्या धाकट्या भावाला १९३४ च्या. मग म्हणाले, "आता तू वाचलंयस ना, तुला कळेल."

---

मोडीवाचक

कळलं. १९२४ चा कायदा सरकारी फौजेतल्यांसाठी होता, विरोधकांना पेन्शनची वाट १९३४ ला उघडली.

मंगळवारी एल्फिन्स्टनच्या इमारतीत जायचंच आहे. महसूल खात्याची जुनी दप्तरं काढायला सांगतो. सही सापडली तर फोटो इथेच टाकेन, पण घाई करू नका. आमच्याकडे फाइल मागितली की आधी चहा येतो.